डावीकडून तिसरा

जुना तर मी आहेच, मित्रांनो. पण किती जुना, ते माझ्या तोंडाकडे पाहून सांगता यायचं नाही, कारण मला तोंडच नाही. मी एक बिट आहे. बिट म्हणजे संगणकाच्या बोलीतला सगळ्यांत छोटा शब्द. मला दोनच गोष्टी म्हणता येतात, शून्य आणि एक. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे होय. ‘बहुतेक’, ‘बघू या’, ‘नंतर कळवतो’ ही तुमच्याकडच्या मोठ्या माणसांची उत्तरं मला देता येत नाहीत, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या दिवशी मी एक असायला हवा होतो, त्या दिवशी मला शून्य ठेवलं गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो तोंड नसलेल्यालाही बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

माझा जन्म एका कागदावर झाला. लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी होती. तिथे अण्णा नावाने ओळखले जाणारे एक इंजिनिअर होते. लिफ्टमध्ये माणूस अडकलं आणि त्याने लाल बटण दाबलं, तर त्याचा निरोप तारेतून थेट कंपनीच्या कार्यालयात यावा, असं ठरलं आणि ते काम अण्णांच्या गळ्यात पडलं. आता निरोप पाठवायचा तर तो कसा लिहायचा, कुठला भाग आधी, कुठला नंतर, याचे नियम दोन्ही बाजूंना ठाऊक असावे लागतात. त्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. अण्णांनी पेन्सिलीने एक आडवी पट्टी काढली, तिचे आठ चौकोन केले आणि म्हणाले, “झालं. निरोपाच्या सुरुवातीला ही आठ घरं.”

प्रत्येक घरात एक बिट. अशा बिटांना फ्लॅग म्हणतात, म्हणजे झेंडा. झेंडा वर असला की होय, खाली असला की नाही. पहिल्या घरात ‘हाक’ राहायला आली. ती एक असली की समजायचं, आत कोणीतरी मदत मागतंय. दुसऱ्यात ‘दार’, म्हणजे दार बंद आहे की नाही ते सांगणारं. तिसऱ्या घरात मी. माझं काम ‘पोच हवी’ असं सांगण्याचं. चौथ्या घरात ‘बॅटरी’ आणि सहाव्यात ‘सराव’. बाकीची तीन घरं रिकामी, त्यांवर अण्णांनी लिहून टाकलं, ‘राखीव. शून्यच ठेवणे.’

पोच म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं का? तुम्ही कोणाला पत्र पाठवलं आणि त्याने ‘मिळालं’ म्हणून कळवलं, तर ती पोच. मी एक असलो की लिफ्टमधल्या यंत्राला पोच मिळेपर्यंत गप्प बसता येत नाही. दर पाच सेकंदांनी तोच निरोप, पुन्हा पुन्हा. इकडे कार्यालयातल्या संगणकावर लाल पट्टी येते, भोंगा वाजायला लागतो, आणि टेबलावर बसलेल्या बाईंनी ‘ऐकलं’ हे बटण दाबेपर्यंत तो थांबत नाही. त्यांनी ते दाबलं की लिफ्टमध्ये हिरवा दिवा लागतो आणि बोलायची वाट उघडते. आतल्या माणसाला पलीकडून माणसाचा आवाज ऐकू येतो. आणि मी शून्य असलो तर? तर निरोप एकदाच निघतो. गेला तर गेला. कोणी पाहिला तर पाहिला.

माझ्या उजवीकडे राहणाऱ्या सरावबद्दलही आत्ताच सांगतो, कारण पुढे सगळा घोळ त्याच्याशीच झाला. दर महिन्याला कंपनीचा मेकॅनिक प्रत्येक लिफ्टचं बटण तपासायचा. त्या वेळी उगाच भोंगा वाजून कार्यालयाचं धाबं दणाणू नये म्हणून तो लिफ्टच्या यंत्राला एक छोटा डबा जोडायचा. तो डबा सरावला एक करायचा. मग हाक कितीही मोठ्याने एक म्हणाली, तरी टेबलावर भोंगा नाही, लाल पट्टी नाही. पडद्याच्या तळाशी एक करडी ओळ उमटायची, तीही आवाज न करता. सराव स्वभावाने वाईट नव्हता हो. त्याला जे सांगितलं होतं ते तो करायचा, जसा मी करायचो.

टेबलावरच्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. मेकॅनिक वहिनी म्हणायचा म्हणून त्या त्याला भावोजी म्हणत. आणि या दोघांची एक पद्धत होती, जी अण्णांच्या नियमांत कुठेच लिहिलेली नव्हती. बटण तपासण्याआधी मेकॅनिक फोन करायचा. “वहिनी, सराव करतोय, दचकू नका.”

“दचकायला भोंगा कुठे वाजतोय? करा, करा.”

दचकण्याचा प्रश्नच नव्हता, तरी तो दर वेळी हेच म्हणायचा आणि त्याही दर वेळी हेच म्हणायच्या. सतरा वर्षं.

त्या सतरा वर्षांत मी पुष्कळ काम केलं. एकदा दातांच्या एक डॉक्टरीणबाई आपल्याच दवाखान्याच्या लिफ्टमध्ये अडकल्या. वहिनी अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसल्या. पुढे वहिनींची अक्कलदाढ त्यांनीच काढली आणि म्हणाल्या, “आता तुम्ही घाबरू नका, मी इथेच आहे.” अशा कितीतरी गोष्टी. कौतुक व्हायचं ते वहिनींचं, मेकॅनिकचं, कधीमधी अण्णांचं. माझं कोण करणार? पायाच्या दगडाला कोणी हार घालत नाही. मला त्याचं काही नव्हतं. मला एकच काळजी असायची, आणि ती पहिल्या दिवसापासून होती. अण्णांनी प्रोग्राम लिहिताना सगळ्यांना नावं दिली होती. हाक, दार, बॅटरी, सगळ्यांची नावं वर एका यादीत. मला मात्र त्यांनी नाव दिलंच नाही. निरोप पाठवायच्या जागी त्यांनी नुसता एक आकडा टाकला, बत्तीस.

बत्तीस का, ते सांगतो. आठ घरांपैकी अगदी उजवीकडच्या घराची किंमत एक. त्याच्या डावीकडच्याची दोन, मग चार, मग आठ, अशी दुप्पट होत जाते. माझ्या घराची बत्तीस. अण्णांना ते पाठ होतं. ‘नंतर नाव देऊ’ असं ते स्वतःशी म्हणाले होते. मी ऐकलं होतं. नंतर म्हणजे कधीच नाही, हे मला अण्णांच्याच प्रोग्रामात राहून कळलं.

मग कंपनीत ताई आली. तिचा धाकटा भाऊ आधीपासून गोदामात कामाला होता, तो ताई म्हणायचा, म्हणून वयाने सगळ्यांत लहान असूनही ती सगळ्यांचीच ताई झाली, अण्णांचीसुद्धा. हुशार मुलगी. प्रत्येक ओळ लिहून झाल्यावर ओठ न उघडता मनात वाचायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने भर जेवणाच्या सुट्टीत अण्णांना विचारलं, “अण्णा, ही राखीव घरं शून्यच ठेवायची म्हणजे वाचतानाही तपासायची का?”

अण्णा पोळी मोडता मोडता म्हणाले, “ताई, शून्य म्हणजे शून्य. एवढं शिकून शून्य कळत नसेल तर मग अवघड आहे बुवा.”

सगळे हसले. अण्णाही हसले, त्यांच्या मनात काही नव्हतं. तीही हसली. पण तिचे कान लाल झाले होते. तिचा प्रश्न चांगला होता, मित्रांनो. राखीव घरातल्या बिटाला विचारा, तोही सांगेल. पण तिने त्या दिवशी कानाला खडा लावला की अण्णांना पुन्हा काही विचारायचं नाही. दोन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले, तरी तिने तो खडा काढला नाही.

त्यानंतर लिफ्टमधली यंत्रं जुनी झाली म्हणून चाळीस इमारतींत नवी बसवायचं ठरलं. नव्या यंत्रावर अण्णांचा प्रोग्राम चालेना. निरोप पाठवणाऱ्या बाजूची सगळी लायब्ररी नव्याने लिहायला हवी होती. लायब्ररी म्हणजे कपाटातली पुस्तकं नव्हेत. दुसऱ्या प्रोग्रामांना तयार वापरता येईल अशी कोडची पेटी. ते काम ताईकडे आलं. तिने अण्णांची यादी उघडली, हाक, दार, बॅटरी, सगळी नावं आकड्यांसकट उचलली आणि नव्या जागी लावली. सराव त्या यादीत नव्हताच, कारण त्याला एक करणं मेकॅनिकच्या डब्याचं काम. आणि मीही नव्हतो.

“पोच कुठे गेली?” ती पुटपुटली.

माझा जीव टांगणीला लागला. ती जुना प्रोग्राम खाली खाली वाचत गेली. बत्तीसवरून तिची नजर दोनदा गेली, पण नुसत्या आकड्यावर कोणी थांबतं का? शेवटी तिने अण्णांचा तो मूळ कागद मागवला. त्यावरच्या चौकोनांतली पेन्सिल पार पुसट झाली होती. खाली शाईने लिहिलेलं तेवढं वाचता येत होतं. माझ्यासमोर दोनच शब्द होते. ‘पोच, तिसरा.’

कुठून तिसरा?

अण्णांनी पट्टी काढली ती अक्षरं लिहावीत तशी, डावीकडून. त्यांच्या लेखी तिसरा म्हणजे डावीकडून तिसरा, यात सांगण्यासारखं काय आहे? आणि ताईला शाळेत बाईंनी शिकवलं होतं एकक, दशक, शतक, उजवीकडून. संगणकाचा आकडाही तसाच वाढतो. तिच्या लेखी तिसरा म्हणजे उजवीकडून तिसरा, शतकाच्या जागचा. दोघांचंही बरोबर. तुम्ही वाक्य वाचता ते अण्णांसारखं आणि आकडा मांडता तो ताईसारखा. फोन हाताशी होता. अण्णांचा नंबरही होता. तिने फोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. मग तिने लिहिलं, पोच बरोबर चार.

चार म्हणजे सरावचं घर.

मी काय करणार होतो? मी शून्य होतो. तुम्हाला कधी असं झालंय का, की समोर भांडं उतू जातंय, आणि तुमच्या पायात मुंग्या आल्यात? तसा मी नुसता बसून होतो. आणि त्याहून मोठी गंमत पुढेच आहे, जर तिला गंमत म्हणायची असेल तर. लायब्ररी तपासायची वेळ आली. मेकॅनिक एका इमारतीत गेला, नवं यंत्र बसवलं, डबा जोडला आणि फोन केला. “वहिनी, सराव करतोय, दचकू नका.”

“करा. हं, आली. करडी ओळ आली भावोजी.”

ताई वहिनींच्या खुर्चीमागेच उभी होती. तिचा जीव भांड्यात पडला. अहो, डबा जोडला होता, म्हणजे ओळ करडी यायलाच हवी. ती आली. सगळे खूश. डबा काढून, खरी हाक मारून, भोंगा वाजतो का ते कोणीच पाहिलं नाही. भोंगा म्हणजे कटकट, त्याच्या वाटेला कशाला जा. अशा रीतीने चूक अगदी बरोबर दिसायला लागली, आणि मेकॅनिक ती चूक घेऊन चाळीस इमारतींत फिरला.

लिफ्ट काही रोज अडकत नाही. शेवटचं यंत्र बसल्यावरही अकरा दिवस कोणी बटण दाबलं नाही. मी मात्र प्रत्येक इमारतीत होतो, कारण बिट जिथे लिहिला जातो तिथे असतो. चाळीस ठिकाणी मी शून्य होतो आणि चाळीस ठिकाणी मला एकच धास्ती होती.

बाराव्या दिवशी भर दुपारी एका इमारतीत तिथेच राहणाऱ्या टेलरमावशी लिफ्टमध्ये शिरल्या. साठीच्या पुढच्या. पाचव्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाला कोट घालून बघायला द्यायचा होता. कोट हातावर आडवा, पिशवीत टेप, खडू आणि टाचण्या. मावशींना मधुमेह होता. सकाळचं इंजेक्शन घेऊन झालं होतं, आणि ‘आल्यावर निवांत जेवते’ म्हणून त्यांनी ताट झाकून ठेवलं होतं. या आजारात औषध घेतलं आणि वेळेवर खाल्लं नाही, तर अंगातली साखर फार उतरते. आधी घाम फुटतो, मग हात थरथरतात, मग जीभ जड होते. त्याच्याही पुढे गेलं तर शुद्ध हरपते, आणि मग काहीही होऊ शकतं. तिसरा मजला गेला आणि लिफ्ट मध्येच थांबली.

मावशींनी लाल बटण दाबलं.

निरोप तयार झाला. हाक एक. दार एक. मी शून्य. बॅटरी शून्य. आणि सराव, बिचारा, एक. निरोप एकदा निघाला, एकदा पोचला, आणि वहिनींच्या पडद्याच्या तळाशी एक करडी ओळ उमटली. वहिनी त्या वेळी कुठल्याशा सोसायटीच्या सेक्रेटरीशी फोनवर बोलत होत्या. लिफ्टमध्ये हिरवा दिवा लागला नाही. मावशींनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा एक करडी ओळ. मोबाइल काढला, लोखंडी पेटीत त्याला कुठलं नेटवर्क? दारावर थापा मारल्या. दुपारची वेळ, माणसं कामावर, दारं बंद. मावशी खाली बसल्या आणि बसल्या बसल्या हात वर करून बटण दाबत राहिल्या. आधी घाईघाईने, मग थांबून थांबून. त्यांच्या बोटाचा जोर कमी होत चालला होता, ते मला कळत होतं. दोन दाबण्यांच्या मधलं अंतर वाढत होतं, तेही कळत होतं. काय सांगू तुम्हाला. प्रत्येक निरोपात मी होतो, आणि प्रत्येक निरोपात गप्प होतो.

फोन ठेवल्यावर वहिनींचं लक्ष तळाशी गेलं. एकाखाली एक चौदा करड्या ओळी, सगळ्या एकाच लिफ्टच्या.

“फोन न करता सराव?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “भावोजी विसरले वाटतं.”

त्यांनी रजिस्टर ओढलं, दुसऱ्या कामाला लागल्या. पण पेन दोन ओळींच्या पुढे चालेना. सतरा वर्षांत जो माणूस एकदाही विसरला नाही, तो आज चौदा वेळा विसरला? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फोन लावला.

“भावोजी, सराव चाललाय ना तुमचा?”

“माझा? मी तर गावाच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर चढलोय.”

“मग बटण कोण दाबतंय?”

पलीकडून नुसता शिडी वाजल्याचा आवाज आला. तो उतरत होता.

पुढचं भराभर झालं. वहिनींनी त्या इमारतीच्या वॉचमनला फोन करून जिन्याने पळवलं. तो चौथ्या मजल्यावरून हाका मारू लागला, आतून उत्तर नाही. मेकॅनिक मोटरसायकलवर आला, वर जाऊन त्याने हाताने लिफ्ट मजल्याला आणली, किल्लीने दार उघडलं. मावशी कोपऱ्याला टेकून बसल्या होत्या. अंग घामाने चिंब, डोळे अर्धे मिटलेले. कोट मात्र मळू नये म्हणून मांडीवर नीट घडी करून ठेवलेला. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी ओठांत साखर भरली, मग शिरेतून औषध दिलं. बटण पहिल्यांदा दाबल्यापासून एकूण एकोणपन्नास मिनिटं झाली होती. डॉक्टर म्हणाले, अजून दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर काही सांगता आलं नसतं. सांगता आलं नसतं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं.

वहिनींनी ते चौदा निरोप कागदावर छापून ताईच्या पुढ्यात ठेवले. “बघ बाई, हे करडे का आले?”

ताईने पहिला निरोप उलगडला. एक, एक, शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. तिने बोट ठेवून उजवीकडून मोजलं. मग तेच बोट डावीकडे नेलं आणि पुन्हा मोजलं. तिने सगळ्यांसमोर फोन उचलला.

“अण्णा, पोच तिसरा लिहिलंय तुम्ही. कुठून तिसरा?”

“डावीकडून. मग काय उजवीकडून?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“त्यात लिहायचं काय, कुणालाही विचारलं असतंस तर...” अण्णा थांबले. ती जेवणाची सुट्टी त्यांना आठवली असेल का, मला सांगता येत नाही. मग ते हळूच म्हणाले, “काय झालं ताई? कोणाला काही झालं का?”

चूक दुरुस्त करायला तिला एक मिनिट लागलं. चार खोडून बत्तीस, आणि यादीत माझं नाव. सतरा वर्षांनी. त्याचा आनंद मानायला मला उसंत नव्हती, कारण ती दुरुस्ती फक्त तिच्या संगणकात झाली होती. लिफ्टमधल्या यंत्रात नवी लायब्ररी घालायची तर मेकॅनिकला प्रत्येक इमारतीत जावं लागायचं. चाळीस इमारती, एक मेकॅनिक. रोजच्या दुरुस्त्या सांभाळून दिवसाला एखादी, फार तर दोन. वहिनींच्या टेबलावरचा संगणक दुसऱ्याच लोकांनी बांधलेला, तो बदलून मिळायला त्याहून जास्त दिवस लागले असते. तोवर ओळ करडी येणार, आवाज न करता येणार.

तेव्हा वहिनींनी ठरवलं की डोळे हलवायचे नाहीत. टेबलावर चिठ्ठी लावली, ‘करडी ओळ खरी समजणे.’ दुसऱ्या पाळीच्या बाईंनाही बजावलं. स्वतः डबा उघडून जेवायच्या तर एक डोळा पडद्यावर. दोन घास, एक नजर. ताईचं तर अन्नच उडालं. ती मेकॅनिकबरोबर इमारती फिरायची, जिने चढायची, उतरायची, आणि कागदावर आकडा खोडायची. एकतीस राहिल्या. चोवीस राहिल्या. जिथे दुरुस्ती झाली तिथे मी एक झालो, जिथे राहिली तिथे शून्यच. अर्धा सुटलेला आणि अर्धा अडकलेला असा मी किती दिवस काढले म्हणता! टेलरमावशींकडे जाऊन यायला हवं, हे ताईला रोज वाटायचं. मावशींची लिफ्ट पहिल्याच दिवशी नीट झाली होती, तेव्हाच त्यांचं दार चार पावलांवर होतं. पण तिचे पाय वळेनात. ‘चाळीस पुऱ्या झाल्या की जाईन. रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाऊ?’ असं ती मेकॅनिकला म्हणायची.

चाळिसाव्या लिफ्टमध्ये ती स्वतः आत उभी राहिली. मेकॅनिकला म्हणाली, “दादा, डबा जोडू नका. आणि वहिनींना फोनही करू नका.”

मेकॅनिकने वरून लिफ्ट मधोमध थांबवली. ताईने बटण दाबलं. मी एक होतो. पण मी एक होतो हे तिला दिसत थोडंच होतं? तिने भिंतीला हात टेकवला. एक, दोन, तीन, असे सेकंद मोजायला लागली आणि सातावर हिरवा दिवा लागला.

“ऐकतेय,” वहिनींचा आवाज आला. “घाबरू नका, मी इथेच आहे. आत कोण आहे?”

वहिनींनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा, आवाज जरा वर चढवून.

“मी आहे, वहिनी,” ती म्हणाली.

“जेवलीस का गं?” वहिनींनी विचारलं. तेव्हा ताई लिफ्टमध्ये खाली बसून रडली.

दुसऱ्याच दिवशी ती मावशींकडे गेली. आपण कोण, काय लिहिलं, कुठून मोजलं, सगळं सांगितलं. तिने कागद काढून आठ घरं काढून दाखवली, म्हणून मीही तिथे होतो, पेन्सिलीने लिहिलेला. मावशींच्या खोलीत शिलाई मशीन होतं. त्यावर कापड टाकून ठेवलं होतं आणि त्या कापडावर धूळ बसली होती.

मावशींनी कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. “म्हणजे मी दाबत होते ते बटण बरोबर दाबलं जात होतं?”

“हो मावशी. चौदाही वेळा. चूक माझी होती.”

मावशी आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या. “आणि मला वाटलं, माझ्याच बोटात जीव राहिला नाही. एवढं साधं बटण दाबता येत नाही, तर सुई काय धरणार? तेव्हापासून मशीनला हात लावला नाही मी. आलेली कापडं परत केली.” मग त्यांनी ताईकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. “सव्वा महिना झाला पोरी,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी येऊन एवढं सांगितलं असतंस तर?”



म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूंची नीट काळजी घ्या. आम्हाला नाव द्या, आमचं घर कुठून मोजायचं ते शाईने लिहून ठेवा, आणि विचारणाऱ्याला कधी हसू नका. एवढं तर तुम्ही कराल. पण आणखी एक मागतो, ते माझ्यासाठी नाही. पलीकडचं माणूस वाट पाहत असेल, तर तुमचं काम पुरं व्हायची वाट पाहू नका. निरोप मिळाला, चूक आमची झाली, एवढं आधी जाऊन सांगा. तिथे कोणीतरी त्या वेळी आपल्या बोटांकडे बघत बसलेलं असतं.